तलवार उपसायचं शास्त्र आणि त्याच्या वंशावळींचा गुंता

जपानी तलवार म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते पिक्चरमधलं दृश्य, दोघं समोरासमोर, वारा सुटलेला, मग खणखणाट. पण जपानात तलवारीची एक अख्खी शाखा अशी आहे की तिचा सगळा जीव तलवार म्यानातून बाहेर पडतानाच्या त्या एका क्षणात आहे. खणखणाट जवळपास नाहीच. माणूस एकटा, समोर कोणी नाही, शांत बसलेला, आणि अचानक तलवार बाहेर येते ती बाहेर येता येताच कापते. उपसणं वेगळं आणि वार वेगळा असं नाहीच, दोन्ही एकच. याला इआइ म्हणतात, जुनं नाव इआइजुत्सु किंवा बात्तोजुत्सु, आणि विसाव्या शतकात रूढ झालेलं नाव इआइदो.

ही कला समजून घ्यायला गेलं की दहा मिनिटांत माणूस वंशावळीत अडकतो. अमुक र्यू, तमुक हा (म्हणजे शाखा), सतरावे प्रमुख, विसावे प्रमुख, या शाखेचे अठरावे त्या शाखेला मान्य नाहीत वगैरे. र्यू म्हणजे आपल्याकडे गाण्यातलं घराणं असतं ना, तसंच समजा, गुरू आहे, शिष्य आहे, चीज कोणाकडून मिळाली याला मान आहे, आणि भांडणंही आहेत. मी इथे सगळ्या घराण्यांची यादी देणार नाहीये, ती वाचून काही कळत नाही. एक मोठी फांदी धरून शेंड्यापर्यंत जाऊ, बाकीच्या वाटेत भेटतील.

आधी हातात काय चालतं ते बघू.

कताना, म्हणजे सामुराईची लांब तलवार, कमरेच्या पट्ट्यात, म्हणजे ओबीत, डाव्या बाजूला खोचतात आणि धार वर असते. हे महत्त्वाचं आहे, कारण त्याआधीची घोडेस्वाराची जी ताची नावाची तलवार होती ती कमरेला लटकायची आणि तिची धार खाली असायची. धार वर असली की तलवार बाहेर येतानाच पात्याला कापायची दिशा मिळते. म्यान म्हणजे साया, तिच्या तोंडाशी पातं घट्ट बसावं म्हणून पात्याच्या बुडाशी हाबाकी नावाची धातूची पाचर असते, त्यामुळे तलवार उलटी केली तरी सहज पडत नाही. म्हणून उपसण्याआधी डाव्या अंगठ्यानं त्सुबा, म्हणजे मुठीपुढची ती चकती, हळूच पुढे ढकलून ती पकड सोडवावी लागते. ही एवढीशी हालचाल शिकायलाच वेळ जातो, आणि चुकलं तर पहिला बळी अंगठ्याचाच.

मग उजवा हात मुठीवर. आपल्याला वाटतं की उजव्या हातानं तलवार ओढायची, पण खरं काम डाव्याचं आहे. डावा हात म्यान मागे खेचतो, याला सायाबिकी म्हणतात, म्हणजे तलवार पुढे जाते आणि म्यान मागे जातं आणि दोन्ही मिळून ते पातं सुटतं. साधारण सत्तर सेंटिमीटरचं पातं नुसत्या उजव्या हातानं बसल्या जागेवरून बाहेर काढून बघा, हातच पुरत नाही. कंबर वळवावी लागते, म्यान मागे न्यावं लागतं.

एका काताचे, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या रचनेचे, साधारण चार टप्पे असतात. नुकित्सुके म्हणजे उपसता उपसता पहिला वार. किरिओरोशी म्हणजे दोन्ही हातांनी वरून खाली मुख्य वार. चिबुरी म्हणजे पात्यावरचं रक्त झटकायची क्रिया (प्रत्यक्षात अशानं पातं स्वच्छ होत नाही, पुसावंच लागतं, पण क्रिया राहिली). आणि नोतो म्हणजे तलवार परत म्यानात. हा शेवटचा भाग बघायला सगळ्यात सोपा वाटतो, आणि न बघता करायचा असतो, नजर समोर पडलेल्या शत्रूवरच, कारण तो खरंच मेलाय का हे नक्की नाही. शत्रू अर्थातच काल्पनिक, पण तो कुठे बसलाय, काय करणार होता, कुठल्या क्षणी त्याचा हात मुठीकडे गेला हे सगळं काताच्या आत ठरलेलं असतं. ते माहीत नसेल तर नुसती कवायत होते, आणि खूप लोकांची होतेही.

आता वंशावळ.

जवळजवळ सगळ्या मोठ्या इआइ घराण्यांच्या मुळाशी एक नाव सांगतात, हायाशिझाकी जिनसुके शिगेनोबु. सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध, देवा प्रांत, म्हणजे आजचा उत्तरेकडचा यामागाता जिल्हा. गोष्ट अशी की त्याच्या वडिलांचा खून झाला, मुलगा सूड घ्यायचा म्हणून गावच्या देवस्थानात जाऊन बसला, तप केलं, देवानं तलवार उपसायचं गूढ सांगितलं, आणि मग त्यानं जाऊन बापाचा खून करणाऱ्याला संपवलं. ते देवस्थान आजही आहे, मुरायामा शहरात, आणि हायाशिझाकीलाही तिथे देव म्हणून पूजतात, इआइ करणारे लोक मुद्दाम जातात. आता सूड, तप, दृष्टांत हे सगळं इतकं ठरीव साच्यातलं आहे की त्यातलं किती खरं हे विचारण्यात अर्थ नाही, त्या काळात कुठल्याही र्यूच्या संस्थापकाला देवाचा किंवा स्वप्नाचा आधार लागायचाच. माणूस मात्र होता, आणि त्याचे शिष्य जपानभर पसरले.

तो पहिला होता का? नाही. कातोरी शिंतो-र्यू नावाचं घराणं त्याच्याही आधीचं आहे, पंधराव्या शतकातल्या इइझासा चोइसाइ इएनाओ यांनी कातोरीच्या देवस्थानाजवळ, आजच्या चिबा जिल्ह्यात, सुरू केलेलं, आणि त्यात तलवार, भाला, काठी, नागिनाता (लांब दांड्याला लावलेलं वाकडं पातं) अशा सगळ्यांबरोबर उपसण्याचंही शिक्षण आहे. म्हणजे उपसून वार करणं आधीपासून माहीत होतं. हायाशिझाकीनं काय केलं, तर त्या एका गोष्टीला स्वतःच्या पायावर उभं केलं. हे घराणं अजून एका कारणासाठी सांगतो, तिथे आजही प्रवेश घेताना बोटाला टोचून रक्ताचा ठसा द्यावा लागतो, केप्पान म्हणतात त्याला, शपथेच्या कागदावर. १९६० साली चिबा जिल्ह्यानं त्याला सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली आणि प्रमुखपद अजून इइझासा घरातच आहे, विसावी पिढी. वंशावळ म्हटल्यावर आपल्या डोक्यात जे सरळ चित्र असतं, बाप-मुलगा-नातू, ते इथे बऱ्यापैकी खरं आहे. पण हे उदाहरण अपवाद आहे.

हायाशिझाकीच्या फांद्या बघितल्या की कळतं. तामिया हेइबेइ हा त्याचा शिष्य, त्याचं घराणं तामिया-र्यू, ते किशूच्या तोकुगावा घराण्याच्या आश्रयाला गेलं, म्हणजे आजचा वाकायामा, आणि पुढे तोकुगावांच्याच सायजो संस्थानातून आजच्या काळात पोचलं. लांब मूठ आणि देखणेपणा ही त्याची ओळख. काताया­मा होकी नो कामी हिसायासु (१५७५ ते १६५०), याचं होकी-र्यू. त्याला १६१० साली सम्राट गो-योझेइ यांच्यासमोर कला दाखवायचा मान मिळाला आणि होकी नो कामी ही पदवीही तेव्हाचीच, नंतर इवाकुनी आणि मग कुमामोतोकडे ही परंपरा रुजली. आणि उत्तरेत, हिरोसाकी भागात, शिन मुसो हायाशिझाकी-र्यू म्हणून एक शाखा टिकून राहिली जी मला स्वतःला सगळ्यात जास्त विचार करायला लावते, कारण तिच्यात इआइ एकट्यानं करत नाहीत. दोघं जण गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ बसतात, एकाच्या हातात साधारण एकोणतीस सेंटिमीटरचं आखूड हत्यार, आणि दुसऱ्याकडे तीन शाकु तीन सुन, म्हणजे साधारण एक मीटर लांबीची तलवार! एवढ्या जवळून एवढी लांब तलवार काढायची म्हणजे अशक्यच वाटतं, आणि तोच मुद्दा आहे, हाताच्या जोरावर निघूच शकत नाही, अख्खं शरीर दुमडून उघडावं लागतं तेव्हा ती निघते.

आता हे बघा आणि टोकियोतल्या एखाद्या हॉलमध्ये शांतपणे एकट्यानं चाललेलं इआइ बघा. दोघांच्या वंशावळीत वर एकच नाव. मग यातलं "मूळचं" कुठलं? या प्रश्नावर लोक तासन्‌तास भांडतात.

मोठी फांदी म्हणालो ती तोसाची. तोसा म्हणजे शिकोकू बेटाचा दक्षिण भाग, आजचा कोची जिल्हा, यामाउची सरदारांचं संस्थान. हायाशिझाकीनंतर तामिया, मग नागानो मुराकु, असं करत सातव्या पिढीला हासेगावा चिकारानोसुके हिदेनोबु येतो, ज्याला एइशिन म्हणूनही ओळखतात. याचं नाव इतकं मोठं झालं की घराणंच एइशिन-र्यू झालं. परंपरेप्रमाणे लटकत्या ताचीसाठी असलेली तंत्रं कमरेत खोचलेल्या, धार वर असलेल्या कतानासाठी बसवली ती यानं.

आणि इथेच वंशावळीचा पहिला सांधा निखळतो. एक गोष्ट अशी सांगतात की एइशिननं तोयोतोमी हिदेयोशीसमोर, म्हणजे जपानच्या त्या वेळच्या सर्वेसर्वासमोर, कला दाखवली आणि त्यानं खूश होऊन "मुसो केन", म्हणजे जिला जोड नाही अशी तलवार, असं नाव दिलं. छान गोष्ट आहे. फक्त हिदेयोशी वारला १५९८ मध्ये, आणि एइशिनचा काळ सांगतात क्योहो पर्वाचा, जे सुरूच झालं १७१६ ला. म्हणजे मधे शंभराहून जास्त वर्षं. एकतर हिदेयोशी खोटा किंवा तारीख खोटी किंवा दोन वेगवेगळ्या माणसांचं एक झालंय. कितीतरी पुस्तकांत आणि दोजोंच्या, म्हणजे शिकवायच्या जागांच्या, माहितीपत्रकांत या दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात सुखानं नांदतात, कोणी बेरीज-वजाबाकी करत नाही.

पण म्हणून पुढचं सगळं खोटं असं समजू नका. तोसामध्ये ही कला आणली ती नववा, हायाशी रोकुदायू मोरिमासा यानं, हा तोसाच्या संस्थानचा माणूस, कामानिमित्त एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, होता, तिथे शिकला आणि घरी घेऊन आला, १७३२ मध्ये वारला. इथून पुढे जमीन बऱ्यापैकी घट्ट आहे. संस्थानात ही कला बाहेरच्यांना शिकवायची नाही असा दंडक होता असं सांगतात, ओतोमे-र्यू म्हणतात अशा राखीव घराण्याला. त्यामुळे दीडेकशे वर्षं ती तोसातच मुरली.

रोकुदायूबरोबर अजून एक गोष्ट आली. ओमोरी रोकुरोझाएमोन नावाच्या तलवारबाजानं सेइझा, म्हणजे दोन्ही गुडघे जमिनीला टेकवून टाचांवर बसणं, या आसनातून सुरू होणारे कात रचले होते, ओगासावारा घराण्याच्या शिष्टाचारातलं बसणं घेऊन. हे ओमोरी-र्यू. मूळ एइशिनचे कात मात्र तातेहिझा, एक गुडघा वर ठेवून बसायची चिलखतातल्या योद्ध्यासारखी बैठक, त्यातून सुरू होतात, आणि ही बैठक आपल्या मांडी घालून बसणाऱ्या लोकांनाही पाच मिनिटांत रडवते.

आता कोणी हुशार माणूस विचारतो की सामुराई घरात जाताना लांब तलवार कमरेतून काढून ठेवायचा, कोणाकडे गेला तर दारातच द्यायचा नाहीतर बसताना उजव्या बाजूला ठेवायचा, मग सेइझात बसून कमरेला लांब तलवार ही परिस्थिती यायचीच कधी? बरोबर आहे, यायची नाही. तरीही सगळ्यात पहिले कात हेच शिकवतात. कारण बसल्या जागेवर पाय वापरता येत नाहीत, पळता येत नाही, नुसत्या हाताच्या चलाखीवर भागत नाही, कंबर आणि मांड्या कामाला लावल्याच पाहिजेत. ते जमलं की उभं राहून सोपं जातं. म्हणजे कात ही घडलेल्या मारामारीची नक्कल असेलच असं नाही, ती शरीराला वळण लावायची सोय आहे. हे कळलं की "हे खऱ्या लढाईत चालेल का" हा इंटरनेटवरचा आवडता वाद निम्मा संपतो. तसंही रणांगणात माणूस भाला घेऊन किंवा आधीच तलवार उपसून उभा असतो. अचानक उपसायची वेळ येते ती शांततेच्या काळात, रस्त्यावर, बैठकीत, आणि एदो काळ म्हणजे अडीचशे वर्षांची शांतताच होती.

अकराव्या पिढीनंतर तोसातली फांदी दुभंगली. तानिमुरा-हा आणि शिमोमुरा-हा, हा म्हणजे शाखा. भांडण झालं म्हणून असं काही नाही, एका गुरूचे दोन चांगले शिष्य, दोघांकडून दोन ओळी चालू झाल्या इतकं साधं. इथे परवान्यांची पद्धत समजून घ्यायला हवी. जुन्या घराण्यात आजच्यासारखे 'दान', म्हणजे दर्जाच्या पायऱ्या, नव्हते, ती पद्धत बुद्धिबळासारख्या गो खेळातून कानो जिगोरोनं जुडोसाठी उचलली १८८० च्या दशकात आणि मग सगळीकडे पसरली. त्याआधी गुंडाळ्या मिळायच्या. मोकुरोकु म्हणजे शिकलेल्या तंत्रांची यादी, मेनक्यो म्हणजे परवाना, आणि शेवटी मेनक्यो काइदेन, सगळं दिलं, आता माझ्याकडे शिकवायला काही उरलं नाही असा दाखला. मजा म्हणजे गुंडाळीत बऱ्याचदा नुसती कातांची नावं असतात, कसं करायचं ते नसतं. गुंडाळी चोरून काही मिळू नये अशीच ती लिहिलेली असते.

आणि काइदेन एकाहून जास्त शिष्यांना मिळू शकतं. मिळालं की तो माणूस स्वतंत्रपणे शिकवू शकतो, पुढे परवाने देऊ शकतो. मग सोके, म्हणजे घराण्याचा एकमेव प्रमुख, हे काय? काही घराण्यांत, जसं कातोरीचं, ते खरंच रक्ताच्या नात्यानं चालत आलंय. पण बऱ्याच ठिकाणी एकाच पिढीत चारजण पूर्ण परवानाधारक असताना त्यातल्या एकाला नंबर देऊन सरळ रेघ काढलीय, आणि तीही मागाहून. "मी विसावा" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण एकोणिसाव्याबरोबर अजून कोण कोण होतं हे तो आकडा सांगत नाही.

१८६८ ला मेइजी क्रांती झाली, संस्थानं गेली, १८७६ च्या फर्मानानं सामुराईंना तलवार लावून फिरायची बंदी झाली (घरात ठेवायला नाही, लावून फिरायला). इआइचं काय होणार? ज्या कलेची सुरुवातच कमरेला तलवार असण्यातून होते तिचा तर पायाच गेला. कितीतरी लहान घराणी या तीस-चाळीस वर्षांत संपली, शेवटच्या म्हाताऱ्याला शिष्यच मिळाला नाही. तोसाची कला वाचली ती दोन माणसांमुळे असं म्हणायला हरकत नाही.

एक ओए मासामिची (१८५२ ते १९२७). कोचीचेच, तारुण्यात शिमोमुरा शाखेचं शिकलेले, नंतर तानिमुरा शाखेत गोतो मासासुके यांच्याकडे गेले आणि त्यांच्यानंतर सतरावे प्रमुख मानले गेले. यांनी जे केलं ते कोणत्याही कट्टर माणसाला घाम फोडेल. शेकड्यांनी पसरलेले कात आणि त्यांचे प्रकार छाटले, ओमोरीचे कात पहिला टप्पा म्हणून अधिकृतपणे आत घेतले, तातेहिझाचे दुसरा टप्पा, आणि जुने खोल कात शेवटचा टप्पा, असा सुटसुटीत अभ्यासक्रम केला. पहिल्या टप्प्यात अकरा, दुसऱ्यात दहा, शेवटच्यात बसून आठ आणि उभ्यानं वगैरे तेरा. नाव ठेवलं मुसो जिकिदेन एइशिन-र्यू. आणि राखीव ठेवायचं सोडून शाळेतल्या पोरांनाही शिकवलं. आज जगात सगळ्यात जास्त पसरलेल्या इआइ घराण्यांपैकी हे एक, आणि चारशे वर्षांची परंपरा म्हणून जे दाखवतात त्याचा साचा बराचसा १९१०-२० च्या दशकांतला आहे.

दुसरे नाकायामा हाकुदो, टोकियोचे, तलवारबाजीतलं त्या काळचं फार मोठं नाव, मूळ शिंदो मुनेन-र्यूचे. त्यांना तोसाची कला शिकायची होती पण बाहेरच्या माणसाला दार कोण उघडणार? तिथे कामी आले इतागाकी ताइसुके, तेच लोकहक्क चळवळीचे पुढारी, तोसाचेच. त्यांच्या ओळखीनं नाकायामांना होसोकावा योशिमासा या शिमोमुरा शाखेच्या गुरूंकडे शिकता आलं, आणि तानिमुरा शाखेतल्या मोरिमोतो तोकुमी यांच्याकडेही. त्यातून जे तयार झालं ते मुसो शिंदेन-र्यू.

म्हणजे दोन्ही मोठ्या घराण्यांच्या मुख्य माणसांनी दोन्ही शाखांचं पाणी प्यायलेलं आहे. तरी तक्ते काढताना एक शाखा इकडे आणि एक तिकडे अशा दोन स्वच्छ रेघा काढतात.

दोन्हीतले कात बरेचसे तेच आहेत, नावं वेगळी. पहिल्या काताला एकीकडे माए म्हणतात, दुसरीकडे शोहात्तो. एकीकडचं उकेनागाशी ते दुसरीकडचं र्यूतो. एकीकडचं काइशाकु, म्हणजे सेप्पुकू (स्वतःचं पोट फाडून आत्महत्या) करणाऱ्याचं डोकं उडवायचं काम जो करतो त्याचा कात, तो दुसरीकडे जुंतो, आणि दोन्हीकडे तो स्पर्धेत किंवा कार्यक्रमात सहसा करत नाहीत, काय दाखवतोय याचा मान म्हणून. सुरुवातीला मला वाटायचं की दोन वेगळ्या कला आहेत, मग व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बघितले तर सांगाडा तोच, चाल वेगळी, थांबे वेगळे.

वारसाच्या बाबतीत मात्र दोघांचं उलटं झालं. ओएंनंतर होगियामा नामिओ अठरावे, ते १९३५ मध्ये लवकर गेले, मग पुढे फुकुई आणि विसावे कोनो ह्याकुरेन अशी एक ओळ, पण ओएंकडून शिकलेले बाकी दिग्गजही होतेच, त्यात यामाउची सरदार घराण्यातले तोयोताके होते, त्यांच्या नावाची वेगळी शाखा आजही आहे. त्यामुळे आज "खरा सोके कोण" याची एकाहून जास्त उत्तरं मिळतील आणि प्रत्येक जण ठामपणे सांगेल. नाकायामांनी वारस नेमलाच नाही. मुसो शिंदेनला सोके नाही, वरिष्ठ शिक्षक आहेत, आणि घराणं व्यवस्थित चाललंय. माझ्या मते हा त्या नंबरांबद्दलचा सगळ्यात चांगला धडा आहे, पण सोके असलेल्या घराण्यातल्या लोकांना हे बोलून दाखवू नका.

मुगाइ-र्यूची गोष्ट तर अजून वेगळी. त्सुजी गेत्तान (१६४८ ते १७२७) या तलवारबाजानं झेन गुरूंकडे वर्षानुवर्षं साधना केली आणि १६९३ मध्ये मिळालेल्या एका झेन कवितेतून घराण्याला नाव दिलं. ते घराणं उपसलेल्या तलवारीचं होतं, केनजुत्सुचं. उपसायचा भाग शिष्य लोक वेगळ्या, जिक्यो-र्यू नावाच्या घराण्यातून शिकायचे. पुढे काळाच्या ओघात तलवारबाजीचा भाग मागे पडला आणि आज जगभर मुगाइ-र्यू म्हणून जे शिकवतात ते मुख्यतः इआइ आहे. म्हणजे नावाचा वंश एक आणि हालचालींचा वंश दुसरा.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन ताब्यात युद्धकलांवर बंदी आली, तलवारी जप्त झाल्या, १८९५ ला क्योतोत स्थापन झालेली दाइ निप्पोन बुतोकुकाइ ही मोठी संस्था बरखास्त झाली. बंदी उठल्यावर १९५२ मध्ये अखिल जपान केंदो महासंघ आणि १९५४ मध्ये अखिल जपान इआइदो महासंघ असे दोन मोठे तंबू उभे राहिले. केंदोवाल्यांची अडचण अशी होती की बांबूच्या शिनाईनं खेळणाऱ्या पोरांना खरी तलवार कशी असते हेच माहीत नव्हतं, आणि परीक्षा घ्यायची तर दहा घराण्यांचे दहा प्रकार, मोजायचं कशावर? म्हणून १९६९ मध्ये वेगवेगळ्या घराण्यांतल्या ज्येष्ठांनी बसून सात समान कात ठरवले, सेइतेइ इआइ, नंतर भर पडत ते आज बारा झालेत. दुसऱ्या महासंघानंही पाच घराण्यांतून एकेक असे पाच समान कात केले.

यावर नाकं मुरडणारे भरपूर आहेत, की हे परीक्षेसाठीचं इआइ, यात जीव नाही. थोडं खरं आहे. पाय इतके सेंटिमीटर, टोक इतक्या अंशावर असं मोजायला लागलं की माणूस शत्रू विसरून परीक्षकाकडे बघायला लागतो. पण सेइतेइ नसतं तर ब्राझील, पोलंड, कॅनडात हजारो माणसं आज इआइ करत नसती हेही तितकंच खरं. आणि बहुतेक क्लबांत सेइतेइ हे दार असतं, आत गेल्यावर शिक्षक आपलं जुनं घराणं, कोर्यू, शिकवायला लागतो. कोर्यू म्हणजे ढोबळमानानं १८६८ च्या आधीचं.

दुसरीकडे निव्वळ बनावट मालही भरपूर आहे. काळे कपडे, भिंतीवर गुंडाळी, "आठशे वर्षं गुप्त राहिलेली परंपरा", आणि गुरुजींनी ती नेमकी कोणाकडून घेतली विचारलं की डोंगरातला एक म्हातारा. ओळखायचं कसं? सोपा प्रश्न विचारायचा, तुमचे गुरू कोण, ते कुठे शिकवायचे, त्यांचे अजून शिष्य कोण. खऱ्या घराण्यात शेवटच्या दोन-तीन पिढ्या धडधडीत दिसतात, फोटो असतात, गुरुबंधू असतात, त्यातले दोघं तुमच्या गुरूवर नाराज असतात. हायाशिझाकीपर्यंतची साखळी सिद्ध करता आली नाही तरी चालतं, ती कोणालाच पूर्ण करता येत नाही. पण १९५० नंतरची साखळीच धूसर असेल तर काहीतरी गडबड आहे. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या निहोन कोबुदो क्योकाइ या संस्थेत बरीच जुनी घराणी सभासद आहेत आणि दरवर्षी टोकियोच्या बुदोकानमध्ये प्रात्यक्षिकं होतात, तिथले व्हिडिओ बघितले की डोळ्याला सवय होते. त्यात नाव नाही म्हणजे खोटं असंही नाही हं, काही जुनी घराणी कुठल्याच संस्थेत जात नाहीत. आणि उलट, १९२५ मध्ये तोयामा लष्करी शाळेत अधिकाऱ्यांसाठी बसवलेलं तोयामा-र्यू बघा, सगळे कात उभ्यानं, स्वतःला प्राचीन म्हणवत नाही, जन्मतारीख सरळ सांगतं.

शिकायचंच असेल तर पहिली काही वर्षं हातात धार नसलेली इआइतो येते, जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. खरी शिनकेन नंतर. जपानात खऱ्या तलवारीची नोंदणी लागते, आणि बाहेरच्या देशात ज्याचे त्याचे कायदे, ते आधी बघा. खर्चापेक्षा गुडघ्यांची जास्त काळजी घ्या, चांगले नी-पॅड हाकामाच्या, म्हणजे त्या घोळदार पायघोळ वस्त्राच्या, आत दिसत नाहीत आणि जपानातले म्हातारे शिक्षकही बिनदिक्कत घालतात. घराणं निवडण्यात फार वेळ घालवायची गरज पडत नाही, कारण दोन तासांच्या अंतरात एक जरी नीट शिकवणारा माणूस सापडला तरी नशीब समजायचं, त्याचं जे घराणं तेच तुमचं.